यादीत एक, चालतंय भलतंच: व्हर्जन तपासणीच्या नोंदी

आमच्याकडे एक सामाईक कॉम्प्युटर आहे. विंडोज ११, ६४-बिट, तीन जणांची तीन लॉगिन. गेल्या महिनाभरात त्यावर स्कॅनरचं नवं ॲप आलं, ऑफिस काढून पुन्हा टाकलं गेलं, फॉर्म भरायच्या प्रोग्रॅमचं अपडेट झालं, आणि तेव्हापासून रोज काहीतरी बंद पडायला लागलं. निस्तरायचं काम माझ्याकडे आलं, कारण यातलं निम्मं मीच टाकलं होतं.

तक्रारी तीन:

लेबल छापायचं ॲप प्रिव्ह्यू उघडला की गायब होतं. पण फक्त दोन लॉगिनमध्ये. हिशेब बघणाऱ्या ताईंच्या लॉगिनमध्ये तेच ॲप व्यवस्थित चालतं.

हिशेबाच्या ॲपमध्ये एक्सेलच्या फाईलमधून नोंदी घेता येत नाहीत.

फॉर्मचा प्रोग्रॅम उघडतच नाही. काळी खिडकी येते आणि जाते.

ॲपची नावं मुद्दाम लिहीत नाही. नावं बदलली तरी भांडणं हीच असतात.

नोंद १, शनिवार

सुरुवात बरी केली. आधी सिस्टीम रीस्टोअर पॉइंट तयार केला, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज मागच्या स्थितीत नेता येतं. तो घेता येतोय म्हणजे प्रोटेक्शन चालू आहे, हेही कळलं. बऱ्याच मशीनवर ते बंदच असतं. रीस्टोअर पॉइंटमध्ये आपल्या फाईली येत नाहीत, म्हणून हिशेबाचं डेटा फोल्डर वेगळं बाहेरच्या डिस्कवर घेतलं.

मग कुठलं ॲप कोणत्या व्हर्जनचं आहे याची यादी हवी होती. सेटिंग्जमधल्या 'इन्स्टॉल्ड ॲप्स'मध्ये ती दिसते, पण तिथून कॉपी करता येत नाही आणि ९० नावं हाताने कोण लिहिणार! म्हणून पॉवरशेल, म्हणजे विंडोजला हुकूम टाइप करून द्यायची खिडकी, उघडलं आणि कुठेतरी वाचून लक्षात राहिलेली 'विन३२ प्रॉडक्ट'ची क्वेरी चालवली.

ही पहिली चूक, आणि ती लोक अजून सर्रास करतात. ही क्वेरी नुसती यादी देत नाही. विंडोज इन्स्टॉलरने बसवलेल्या प्रत्येक पॅकेजची ती तपासणी करते, आणि काही बिघडलेलं वाटलं तर दुरुस्तीही करायला घेते. म्हणजे मी मागितली यादी, आणि मशीनने सगळ्यांचं फेरइन्स्टॉलेशन मनावर घेतलं. पंखा घोंघावायला लागला. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजमधल्या घडामोडींच्या नोंदी जिथे दिसतात) 'एमएसआय इन्स्टॉलर'च्या १०३५ क्रमांकाच्या नोंदी एकापाठोपाठ एक पडत होत्या. मध्येच थांबवणं जास्त धोक्याचं वाटलं, म्हणून बघत बसलो.

हाती आलेली यादीही अर्धीच. जी ॲप विंडोज इन्स्टॉलर न वापरता स्वतःच्या सेटअपने बसतात, ती तिच्यात येतच नाहीत. लेबलचं ॲप त्यातलंच.

गेलेला वेळ: पाऊण तास. मिळालेलं: निम्मी यादी आणि एक धडधड.

नोंद २, रविवार

आज नीट केलं. 'इन्स्टॉल्ड ॲप्स'मधली बहुतेक यादी रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतून, येते आणि ती तीन जागी असते. पहिली लोकल मशीनच्या 'अनइन्स्टॉल' कीमध्ये (की म्हणजे रजिस्ट्रीतला कप्पा). दुसरी 'वाऊ६४३२नोड'खालच्या तशाच कीमध्ये. तिथे ३२-बिट ॲप असतात. तिसरी चालू युजरच्या कीमध्ये, म्हणजे ज्याने लॉगिन केलंय त्याच्यापुरती. या तीन जागा नुसत्या वाचल्या तर काहीही दुरुस्त व्हायला लागत नाही. नाव, व्हर्जन आणि फोल्डर एवढंच घेतलं आणि सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी कॉलम पाडलेला साधा मजकूर) केली. काम दोन सेकंदांत.

तिसरी जागा युजरगणिक बदलते, म्हणून तिघांच्या लॉगिनमधून तीन वेळा यादी काढली. हे बरं केलं. ताईंच्या यादीत लेबलचं ॲप दोनदा निघालं. एक सगळ्यांसाठी, प्रोग्रॅम फाइल्समध्ये बसवलेलं. दुसरं फक्त त्यांच्यासाठी, त्यांच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये. ॲडमिनचा पासवर्ड न मागता इन्स्टॉल होणारी ॲप तिथे जाऊन बसतात, आणि दुसऱ्या लॉगिनवरून ती दिसतही नाहीत.

तिन्ही याद्या एक्सेलमध्ये एकाखाली एक लावल्या. लेबलच्या ॲपच्या दोन ओळी अशा होत्या: ताईंची ४.९, सगळ्यांची ४.१.

म्हटलं, सापडलं! सगळ्यांची जुनी आहे म्हणून बंद पडते, ताईंची नवी आहे म्हणून चालते. जुनी काढून टाकली.

काढल्यानंतर सहज मूळ सीएसव्ही नोटपॅडमध्ये उघडली. तिथे ४.१ नव्हतं. तिथे होतं ४.१०.

एक्सेलने त्याला दशांश अपूर्णांक समजून शेवटचं शून्य उडवलं होतं. आकडा म्हणून ४.१० आणि ४.१ एकच. व्हर्जन म्हणून ४.१० म्हणजे चारच्या मालिकेतलं दहावं, ४.९ च्या पुढचं. मी नवी काढून जुनी ठेवली होती, आणि वर दोघांच्या डेस्कटॉपवरचे आयकॉन निकामी करून ठेवले होते.

तीन भागांचे आकडे, उदाहरणार्थ ४.१०.२, एक्सेल मजकूर म्हणूनच ठेवतं, त्यामुळे बाकीची यादी बरोबर दिसत होती आणि संशय आला नाही. उपाय सोपा आहे: सीएसव्हीवर डबल क्लिक करायचं नाही; एक्सेलच्या डेटा मेनूतून ती आणायची आणि त्या वेळी व्हर्जनचा कॉलम 'टेक्स्ट' करायचा. क्रमाने लावतानाही सांभाळा. मजकूर म्हणून लावलं की ४.१० हे ४.९ च्या आधी येतं, कारण १ हा ९ च्या आधी.

४.१० पुन्हा टाकलं. सेटअपची फाईल शोधणं, लायसन्सचा नंबर शोधणं, लेबलचे साचे परत जोडणं यात दीड तास गेला. आणि ॲप पूर्वीसारखंच प्रिव्ह्यूला बंद. म्हणजे ४.१० चालत नाही आणि तिच्यापेक्षा जुनी ४.९ चालते. कोडं जिथल्या तिथे.

नोंद ३, सोमवार

सकाळी 'ॲडमिन म्हणून चालवा', 'कंपॅटिबिलिटी मोड', फोल्डरच्या परवानग्या असल्या गोष्टींत एक तास घातला. दोन लॉगिनमध्ये बंद आणि एकात चालू म्हटलं की परवानगीचाच संशय येतो. परवानगीचा काही संबंध नव्हता.

शेवटी जे आधी बघायला हवं होतं ते बघितलं. इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, ॲप्लिकेशन. ॲप कोसळलं की तिथे १००० क्रमांकाची एक लाल नोंद पडते. तिच्यात कोसळलेल्या प्रोग्रॅमचं नाव आणि व्हर्जन असतं, पण त्याखालच्या ओळी जास्त कामाच्या: 'फॉल्टिंग मॉड्यूल', म्हणजे नेमक्या कुठल्या फाईलमध्ये कोसळलं, आणि त्या फाईलचा पत्ता.

फाईल होती झेडलिबची डीएलएल (प्रोग्रॅम चालताना मेमरीत घेतात ती तयार कोडची फाईल), फाईली आवळायची-उलगडायची नेहमीची लायब्ररी. शेकडो प्रोग्रॅम ती वापरतात. पण पत्ता लेबलच्या ॲपच्या फोल्डरचा नव्हता. स्कॅनरच्या ॲपच्या फोल्डरचा होता!

खात्री करायला प्रोसेस एक्सप्लोरर उघडलं. सिसइंटरनल्सच्या संचातलं हे फुकट साधन आहे आणि इन्स्टॉलही करावं लागत नाही. लेबलचं ॲप उघडलं, प्रिव्ह्यूला हात लावला नाही. प्रोसेस एक्सप्लोररमध्ये त्या नावावर क्लिक करून कंट्रोल-डी दाबलं. खालच्या भागात त्या प्रोग्रॅमने आत्ता मेमरीत घेतलेल्या सगळ्या डीएलएल येतात. कॉलमच्या मथळ्यावर राइट क्लिक करून व्हर्जन आणि पाथ (इथे फाईलचा पत्ता) हे दोन कॉलम लावून घेतले. शंभरेक ओळी होत्या. बहुतेक सिस्टीम३२ मधल्या, काही लेबल ॲपच्या स्वतःच्या, आणि मध्ये ही एक परकी, स्कॅनरच्या घरातून आलेली. लेबल ॲपकडची झेडलिब १.२.११ आहे, ही १.२.३ निघाली, म्हणजे २००५ सालची.

आता ताईंचं कोडं सुटलं. विंडोज एखादी डीएलएल शोधतं तेव्हा साधारणपणे आधी प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बघतं, मग सिस्टीमच्या फोल्डरांत, आणि तिथेही नसेल तर 'पाथ' नावाच्या विंडोजच्या सेटिंगमध्ये लिहिलेल्या फोल्डरांत, ज्या क्रमाने ती लिहिलीत त्याच क्रमाने. ४.९ मध्ये सगळ्या फाईली एकाच फोल्डरमध्ये आहेत, त्यामुळे तिला आपली झेडलिब घरातच सापडते. ४.१० बनवणाऱ्यांनी लायब्ररी वेगळ्या फोल्डरमध्ये हलवल्या आणि ते फोल्डर पाथच्या शेवटी जोडलं. स्कॅनरच्या सेटअपने स्वतःचं फोल्डर पाथच्या सुरुवातीला घुसवलं. रांगेत जो पुढे त्याची डीएलएल मिळते.

लेबलवर पीएनजी लोगो आहे. पीएनजी उलगडायला झेडलिब लागते, म्हणून बरोबर प्रिव्ह्यूलाच आपटत होतं.

हा एकच शोध आधी लागला असता तर रविवार वाचला असता. यादीत लेबल ॲपचं व्हर्जन बरोबर होतं, स्कॅनरचंही बरोबर होतं. कोण कोणाची फाईल उचलतंय हे कुठल्याच यादीत लिहिलेलं नव्हतं.

नोंद ४, मंगळवार

स्कॅनरची ओळ पाथमधून काढून टाकली. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सच्या खिडकीत सिस्टीमचा आणि युजरचा असे दोन पाथ असतात. सिस्टीमचा आधी लागतो, युजरचा त्याच्या मागे जोडला जातो. ओळ सिस्टीमच्या पाथमध्ये होती.

काढल्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये पाथ छापून बघितला. ओळ अजून तिथेच. परत खिडकी उघडली, ओळ नाही. परत छापलं, आहे. रजिस्ट्रीत जाऊन बघितलं, नाही. चाळीस मिनिटं हा खेळ चालला. कमांड प्रॉम्प्टची खिडकी मी सकाळपासून उघडी ठेवली होती, आणि प्रोग्रॅम सुरू होताना जो पाथ मिळतो तोच तो बंद होईपर्यंत धरून बसतो. खिडकी बंद करून नवी उघडली, काम झालं. (डेस्कटॉपवरून उघडलेल्या एखाद्या ॲपला जुनाच पाथ मिळतोय असं वाटलं तर एकदा साइन आउट करा.)

लेबल छापलं गेलं. लोगोसकट.

दुपारी स्कॅनरच्या मशीनवरचं बटण दाबलं तर 'डीएलएल सापडली नाही'. बटणासाठी त्यांचा एक छोटा मदतनीस प्रोग्रॅम आहे, तो दुसऱ्या फोल्डरमध्ये राहतो आणि पाथवर अवलंबून असतो. म्हणून ओळ परत घातली, पण सगळ्यात शेवटी. आता मदतनीसाला लेबलच्या फोल्डरातली नवी झेडलिब मिळते. दोन्ही ६४-बिट आहेत, आणि नव्या झेडलिबवर जुना प्रोग्रॅम चालतो. उलटं चालेलच असं नाही, हे आपण बघितलंच.

दुसरा उपाय होता: योग्य डीएलएलची प्रत लेबल ॲपच्या मुख्य फाईलशेजारी ठेवायची. तो नाकारला. दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये आपण फाईली ठेवल्या की पुढच्या अपडेटला त्यांचं काय होईल सांगता येत नाही.

नोंद ५, बुधवार

आजची नोंद लिहायला लाज वाटते.

यादीत 'व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल' नावाच्या ११ ओळी होत्या. हे रनटाइम, म्हणजे इतर प्रोग्रॅमना चालायला लागणारे मायक्रोसॉफ्टचे फाईलसंच. २००८, २०१०, २०१२, २०१३, मग २०१५ ते २०२२ ची एकत्र, आणि बहुतेक एक्स८६ (३२-बिट) आणि एक्स६४ (६४-बिट) अशा जोडीने. काल पाथ साफ झाला होता, हात शिवशिवत होते. नवं आहे म्हटल्यावर जुनी कशाला, असं म्हणून २००८ च्या ओळी काढल्या.

दहा मिनिटांत ताईंची हाक. "अहो, काय केलंत? आता तर हिशेब उघडतच नाहीये!"

पडद्यावर 'साइड-बाय-साइड कॉन्फिगरेशन चुकीचं आहे' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश. हा संदेश दिसला की गोंधळून जायचं कारण नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'साइडबायसाइड' या स्रोताची ३३ क्रमांकाची नोंद पाहा, काय सापडत नाहीये ते नावासकट लिहिलेलं असतं. आमच्याकडे होतं 'मायक्रोसॉफ्ट व्हीसी९० सीआरटी'. ९ म्हणजे २००८, १० म्हणजे २०१०, ११ म्हणजे २०१२, १२ म्हणजे २०१३, आणि १४ म्हणजे २०१५ पासून पुढचं सगळं. १३ नाहीच, तो आकडा वगळून ते पुढे गेले.

या रनटाइममध्ये नवं जुन्याची जागा घेत नाही. २००८ वर बांधलेल्या प्रोग्रॅमला २००८ चंच लागतं. फक्त २०१५ पासूनची एकमेकांत मिसळतात, म्हणून त्यांचा एकच संच असतो. आणि विंडोज ६४-बिट असलं तरी ३२-बिट ॲपला एक्स८६ चंच हवं.

मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून २००८ सर्व्हिस पॅक १ चं एक्स८६ पॅकेज उतरवलं, बसवलं, हिशेब उघडला. एक तास. शोधताना 'हरवलेली डीएलएल इथून घ्या' म्हणणाऱ्या साइट वरच दिसतात. तिथून एकही फाईल घेऊ नका. डीएलएल सुटी आणायची नसते, तिचं अख्खं पॅकेज बसवायचं असतं.

या ११ ओळी मिळून डिस्कवर नगण्य जागा खातात. कोणी साफ करायला सांगितलं नव्हतं.

नोंद ६, गुरुवार आणि शुक्रवार

हिशेबाचं ॲप आणि एक्सेल. सगळ्यात जास्त वेळ यात गेला.

एक्सेलची फाईल निवडली की संदेश येतो: 'मायक्रोसॉफ्ट.एस.ओएलईडीबी.१२.०' हा प्रोव्हायडर या मशीनवर नोंदवलेला नाही. एक्सेल आणि ॲक्सेसच्या फाईली इतर प्रोग्रॅमना वाचता याव्यात म्हणून असलेला हा दुवा. ऑफिसबरोबर येतो किंवा 'ॲक्सेस डेटाबेस इंजिन' नावाने वेगळा बसवता येतो.

प्रोव्हायडर खरंच नाही का, हे बघायला पॉवरशेलमधून तोच वापरून तीच फाईल उघडली. उघडली, नोंदी दिसल्या! म्हणजे प्रोव्हायडर आहे, चूक हिशेबाच्या ॲपची, असा निष्कर्ष काढून गुरुवारचा उरलेला दिवस त्या ॲपची सेटिंग्ज उलटीपालटी करण्यात घालवला. त्यांच्या मदत केंद्रालाही कळवलं.

शुक्रवारी सकाळी डोक्यात प्रकाश पडला. हिशेबाचं ॲप ३२-बिट आहे, प्रोग्रॅम फाइल्सच्या एक्स८६ वाल्या फोल्डरमध्ये बसलेलं. मी चाचणी घेतली ती नेहमीच्या पॉवरशेलमध्ये, जे ६४-बिट आहे. ३२-बिट प्रोग्रॅम आपल्या पोटात ६४-बिट डीएलएल घेऊ शकत नाही, आणि उलटही नाही. स्टार्टमध्ये शोधल्यावर 'पॉवरशेल (एक्स८६)' सापडतं. तिथे तीच चाचणी घेतली, आणि ताईंना येतो तोच संदेश मलाही आला.

मग मागचं आठवलं. महिन्याच्या सुरुवातीला ऑफिस परत टाकलं ते मीच, आणि ६४-बिट टाकलं. आधीचं ३२-बिट होतं. यादीत दोन्हींचा आकडा १६ नेच सुरू होतो, त्यावरून बिट कळत नाही. एक्सेलमध्ये फाईल, अकाउंट, 'अबाउट एक्सेल' असं गेल्यावर वरच्या ओळीत ३२ की ६४ ते लिहिलेलं असतं. कुठलाही चालू प्रोग्रॅम तपासायचा तर टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये प्लॅटफॉर्म किंवा आर्किटेक्चर नावाचा कॉलम लावा.

ओडीबीसीचे (प्रोग्रॅमना डेटाबेसशी जोडणाऱ्या दुसऱ्या दुव्याचे) ड्रायव्हर बघायचे तर आणखी एक गंमत आहे. सिस्टीम३२ या फोल्डरमध्ये ६४-बिट फाईली असतात, आणि सिसवाऊ६४ मध्ये ३२-बिट. बरोबर उलटं. दोन्हीकडे ओडीबीसी ॲडमिनिस्ट्रेटरची फाईल एकाच नावाची, आणि त्या नावात ३२ आहे. स्टार्टमध्ये मात्र ती '३२-बिट' आणि '६४-बिट' अशी सरळ लिहिलेली असतात, तिथूनच उघडा. 'ड्रायव्हर्स' टॅबवर प्रत्येकाचं व्हर्जनही दिसतं.

३२-बिट डेटाबेस इंजिन बसवायला गेलो तर त्याने मशीनवर ६४-बिट ऑफिस आहे असं सांगून नकार दिला. तो नकार चुकवायच्या युक्त्या आहेत, पण दोघांच्या सामाईक नोंदी एकमेकांवर लिहिल्या जाऊन उद्या एक्सेलच बिघडायचं, म्हणून त्या वाटेला गेलो नाही. हिशेबाचं ६४-बिट ॲप निघालेलंच नाही, असं मदत केंद्राने कळवलं. उरला एकच मार्ग, ऑफिस ३२-बिट करणं.

काढणं, रीस्टार्ट, उतरवणं, बसवणं, सही आणि साचे परत लावणं, सव्वादोन तास. त्यानंतर इंजिन निमूटपणे बसलं आणि नोंदी आल्या. ३२-बिट एक्सेलला मेमरीची मर्यादा येते. ६४-बिट विंडोजवर ती जास्तीत जास्त ४ जीबी. आमच्यात तेवढ्या मोठ्या शीट कोणी उघडत नाही. तुमच्याकडे कोणी उघडत असेल तर आधी त्याला विचारा.

मदत केंद्राला 'चूक माझीच होती' असं कळवून टाकलं.

नोंद ७, शनिवार

फॉर्मचा प्रोग्रॅम. अर्ध्या तासात झाला, कारण आता कुठे बघायचं ते कळलं होतं.

आयकॉनऐवजी कमांड प्रॉम्प्टमधून चालवला, म्हणजे काळ्या खिडकीतला मजकूर पळून जात नाही. मजकूर असा: प्रोग्रॅम क्लास फाईल (जावाच्या तयार कोडची फाईल) व्हर्जन ६१ चा आहे, आणि इथली जावा, म्हणजे तो चालवणारं साधन, ५२ पर्यंतचंच ओळखते. या आकड्यांतून ४४ वजा केले की जावाचं व्हर्जन मिळतं. ५२ म्हणजे ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. म्हणजे अपडेटनंतर त्याला १७ लागतं, आणि त्याला मिळतंय ८.

१७ मशीनवर होतं. यादीत दोन्ही दिसत होते. 'व्हेअर' कमांडने जावा कुठे कुठे आहे ते विचारलं तर दोन पत्ते आले, वरचा ८ चा. वरचा असतो तोच चालतो. ही कमांड पॉवरशेलमध्ये नुसती 'व्हेअर' लिहिली तर काहीच छापलं जात नाही, कारण तिथे त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. पुढे डॉट ईएक्सई लावावं लागतं. यात मी पाच मिनिटं 'जावाच नाही' असं समजून बसलो होतो.

पाथला या वेळी हात लावला नाही. ८ वर चालणारं दुसरं एक जुनं साधन आहे, ते मोडलं असतं. फॉर्मच्या शॉर्टकटमध्ये जावा १७ चा पूर्ण पत्ता लिहिला. ज्याला जे हवं ते त्याच्या शॉर्टकटमध्ये, सगळ्यांसाठी काही नाही. तुमचा प्रोग्रॅम स्वतःच्या लाँचरने सुरू होत असेल तर 'जावा होम' हे व्हेरिएबलही बघा, काही लाँचर पाथच्या आधी ते वाचतात.

नोंद ८, रविवार

ताईंची ४.९ काढली, त्यांनाही ४.१० दिली. त्यांच्या डेस्कटॉपवरचा आयकॉन जुन्या फोल्डरकडे बोट दाखवत होता, तोही बदलला.

लेबल आणि हिशेब ही दोन ॲप विंगेटमध्ये (ॲप बसवायचं-अपडेट करायचं विंडोजचं साधन) पिन केली, म्हणजे कोणी 'सगळं अपग्रेड कर' म्हटलं तरी ती जागची हलणार नाहीत. ॲपचा स्वतःचा अपडेटर मात्र विंगेटचं पिन जुमानत नाही. तो ॲपमध्ये जाऊनच बंद करावा लागतो. हिशेबाचा केला. स्कॅनरमध्ये तशी सोयच नाही.

एक छोटी बॅच फाईल (एकापाठोपाठ हुकूम चालवणारी) केली. रजिस्ट्रीतल्या तिन्ही याद्या आणि सिस्टीमचा पाथ एका मजकूर फाईलमध्ये लिहायचा, नावात तारीख. टास्क शेड्यूलरमधून दर सोमवारी चालते. दोन सोमवारच्या फाईलींमधला फरक 'एफसी' कमांड दाखवते.

आतापर्यंतचा हिशेब: साधारण २१ तास. त्यातले खऱ्या दुरुस्तीचे पाचेक. बाकी सगळे वर लिहिलेच आहेत.

नोंद ९, तीन आठवड्यांनंतर, सोमवार

सकाळी लेबलचं ॲप प्रिव्ह्यूला बंद. तिन्ही लॉगिनमध्ये, कारण आता ताईंकडेही ४.१० च आहे. त्यांनी फोनवरच सांगितलं, "ते परत आलंय."

एफसी लावलं. दोन फरक. स्कॅनरच्या ॲपचं व्हर्जन बदललेलं, आणि पाथमध्ये त्याची ओळ परत सगळ्यात वर. शनिवारी स्वतःहून अपडेट होताना सेटअपने ती पुन्हा घातली होती.

ओळ खाली नेली असती तर पुढच्या अपडेटला पुन्हा वर आली असती. म्हणून मंगळवारी नाकारलेला उपाय केला: लेबल ॲपच्या लायब्ररी फोल्डरमधली झेडलिब उचलून मुख्य फाईलशेजारी ठेवली. प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायला ॲडमिन लागतो, बाकी काही नाही. लेबल ॲप पिन केलेलं आहे, ते आपणहून हलणार नाही. मी स्वतः अपडेट करेन तेव्हा नवी प्रत ठेवावी लागेल. ते त्याच फोल्डरमध्ये 'वाचा' नावाच्या फाईलमध्ये तारखेसह लिहून ठेवलं.

प्रोसेस एक्सप्लोररमध्ये परत बघितलं. झेडलिबची ओळ आता लेबलच्या स्वतःच्या फोल्डरमधून येते, १.२.११. स्कॅनरची ओळ पाथमध्ये वरच आहे, राहू दे. त्याचं बटणही चालतंय.

एकूण वेळ अकरा मिनिटं, त्यातली चार ॲडमिनचा पासवर्ड आठवण्यात गेली.